बावन्न हजारांचा प्रश्न

ही गोष्ट ऑक्टोबर २०२५ ची, दिवाळीच्या आधीची. तेव्हाच लिहायची होती, पण रिलीजच्या गडबडीत राहून गेली. आज शनिवार मोकळा आहे, चहाचा दुसरा कप समोर आहे, तेव्हा लिहून टाकतो.

सकाळी साडेआठला भाच्याचा फोन आला. "मामा, आयफोन सतरा प्रो घ्यायचा विचार चाललाय. घेऊ ना?"

या 'घेऊ ना' मध्ये प्रश्न नसतो हे आपल्याला माहीत आहे. निर्णय झालेला असतो, फक्त खाली कुणाची तरी सही हवी असते. आमच्या घराण्यात मी 'कॉम्प्युटरमधला' असल्यामुळे प्रिंटरपासून मिक्सरपर्यंत कशालाही माझी सही चालते. भाचा तेवीस वर्षांचा. हिंजवडीत नोकरीला लागून वर्ष झालेलं, हातात महिना चौतीस हजार पडतात. फोनची किंमत एक लाख चौतीस हजार नऊशे. म्हणजे जवळजवळ बरोबर चार पगार.

"चार महिने जेवणार काय तू?" असं विचारलं तर म्हणाला, "ईएमआय आहे की मामा. नो कॉस्ट. चोवीस महिने, पाच हजार सहाशे एकवीस फक्त."

तासाभराने इचलकरंजीहून ताईचा फोन. "त्याला तू नको म्हण. तुझं ऐकतो तो." दाजींचे चार माग आहेत, खर्चीवर चालतात, त्यातले दोन उन्हाळ्यापासून बंदच आहेत हे ती बोलली नाही, पण मला माहीत होतं. आता पंचाईत अशी की, ताईशी बोलत असताना माझ्या हातात जो फोन होता तो होता आयफोन पंधरा प्रो. सप्टेंबर २०२३ मध्ये घेतलेला. किंमत तीच, एक लाख चौतीस हजार नऊशे. तेव्हा मी कुणालाही 'घेऊ ना' विचारलं नव्हतं.

तर मग म्हटलं, उपदेश करण्याआधी हिशेब करू. हिशेब करायला आपल्याला कुणी अडवत नाही.

प्रो बाजूला ठेवून आधी साधा सतरा घेतला. अमेरिकेत त्याची किंमत ७९९ डॉलर, त्यात तिथला विक्रीकर धरलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये डॉलर साधारण ८८ रुपयांना होता. गुणाकार केला तर सत्तर हजार तीनशे. त्यावर आपला १८ टक्के जीएसटी (मोबाइलवर एप्रिल २०२० पर्यंत तो १२ होता) लावला की येतात ८२,९६८. भारतातली किंमत किती? ८२,९००. मी कॅल्क्युलेटर दोनदा दाबून पाहिला. इतकं चोख उत्तर दहावीच्या पुस्तकातसुद्धा येत नाही. म्हणजे साधा सतरा घेणारा माणूस अमेरिकेतल्या माणसाएवढेच पैसे देतो, वर फक्त सरकारचा कर.

आता प्रो. १०९९ डॉलर गुणिले ८८, अधिक १८ टक्के. एक लाख चौदा हजार. आणि दुकानातली पाटी एक लाख चौतीस हजार नऊशेची. वीस हजार वर! हे वीस हजार कसले, ते मला कुठल्या स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात सापडले नाहीत. म्हणजे बघा, तिथे साध्यातून प्रो मध्ये जायला ३०० डॉलर पडतात, करासकट आपले एकतीस हजार. इथे त्याच उडीला बावन्न हजार.

कुणी म्हणेल, महागडा फोन म्हणजे भारतात असंच चालतं. नाही चालत. सॅमसंगचा एस पंचवीस अल्ट्रा जानेवारी २०२५ मध्ये आला तो तिथे १२९९ डॉलरला, इथे १,२९,९९९ ला. तेव्हाच्या साडेशहाऐंशीच्या भावाने, कर धरून, तो एक लाख बत्तीस हजारांच्या पुढे जायला हवा होता. म्हणजे अमेरिकेत प्रो पेक्षा दोनशे डॉलरने महाग असलेला फोन भारतात प्रो पेक्षा पाच हजारांनी स्वस्त. ज्याला प्रो महाग वाटतो त्याला ही तुलना दाखवा. फोन कुठला चांगला हा वाद बाजूला राहू दे, पण कोणाची पाटी आपल्या खिशाकडे बघून लावली आहे एवढं कळतं.

माझ्या पंधरा प्रो चा हिशेब मी मुद्दाम शेवटी केला. ९९९ डॉलर, तेव्हाचा भाव ८३, अधिक जीएसटी, अठ्ठ्याण्णव हजार. वरचे सदतीस हजार. त्या वर्षी प्रो बाहेरून यायचे आणि आयातशुल्क २० टक्के होतं, अधिभार धरून २२, हे माझ्या बाजूने सांगता येईल. (जुलै २०२४ च्या बजेटमध्ये ते १५ वर आलं, आणि त्या वर्षीचा सोळा प्रो १,१९,९०० ला निघाला.) पण ते धरूनही माझे पंधरा हजार कुठे गेले ते कळत नाही. असो. झालं ते झालं.

या सगळ्यात मला २००८ आठवलं. ऑगस्टमध्ये आयफोन थ्रीजी भारतात आला तेव्हा आठ जीबीचा एकतीस हजारांना होता, आणि अमेरिकेत १९९ डॉलर. ऑफिसात नुसती बोंबाबोंब. त्या १९९ मागे दोन वर्षांचं बांधून घेतलेलं बिल होतं, हे जेवायच्या टेबलावर कुणी ऐकून घेत नव्हतं. आणि गंमत म्हणजे खाजगी कंपन्यांकडे तेव्हा थ्रीजी सेवाच नव्हती, त्यांचा लिलाव झाला २०१० मध्ये. कॉपी-पेस्ट नाही, व्हिडिओ नाही, कॅमेरा दोन मेगापिक्सेल. नोकिया एन पंच्याण्णववाले पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा नाचवत फिरायचे. मी स्वतः एन त्र्याहत्तरवाला. दीड महिन्याचा पगार घातला होता त्यात, हे भाच्याला माहीत आहे, कारण मीच कौतुकाने सांगितलंय. तो मोका त्याने सोडला नाही. "तुम्ही दीड पगार घातलाच होता ना मामा?"

बरं, किंमत जास्त आहे म्हणून वस्तू वाईट ठरत नाही. प्रो मध्ये जास्त काय मिळतं ते बघायला हवं. दुपारी जेवण झाल्यावर मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. फोटोच्या फाइलमध्ये तो कुठल्या लेन्सने काढला याची नोंद असते. माझ्या दोन वर्षांच्या फोटोंतून व्हॉट्सॲपवर आलेले सोडून बाकीचे मोजले. सात हजार चारशेच्या आसपास. त्यातले टेलिफोटोने काढलेले, म्हणजे ज्या लेन्ससाठी मी प्रो घेतला त्या लेन्सचे, ३१२. त्यात चंद्राचे चाळीसेक (सगळे सारखेच, सगळे वाईट), समोरच्या गच्चीवरचा कावळा, आणि बाकी बहुतेक एका संध्याकाळचे, लेकीच्या शाळेच्या गॅदरिंगचे.

त्या संध्याकाळचा एक फोटो माझा फार लाडका आहे. नाच संपलाय, दिवे मंद झालेत, आणि ती अंधारात आम्हाला शोधतेय. आम्ही बसलो होतो पार मागे, अठराव्या रांगेत. प्रो घेतल्याबद्दल घरात कुणी बोललं की मी हा फोटो दाखवायचो. दुसऱ्या फोनने आला असता का हा?

स्क्रिप्ट म्हणाली, तो फोटो टेलिफोटोने काढलेलाच नाही.

आधी वाटलं स्क्रिप्ट चुकली. मग आठवलं, उजेड कमी असला की थ्री-एक्स दाबलं तरी हा फोन टेलिफोटो बाजूला ठेवतो आणि मोठ्या सेन्सरच्या मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून देतो. टेलिफोटोचा सेन्सर लहान, अंधारात त्याला दिसत नाही. तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर निर्णय. कुणी तरी हुशार इंजिनिअरने घेतलेला, मीही तोच घेतला असता. पण दोन वर्षं मी ज्या फोटोवर प्रो चं समर्थन करत होतो, तो ४८ मेगापिक्सेलच्या मुख्य कॅमेऱ्याचा निघाला. आणि तेवढाच ४८ मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा साध्या पंधरामध्येही होता. बायकोला हे मी अजून सांगितलेलं नाही :-)

प्रोसेसरचं म्हणाल तर त्याबद्दल मी जरा अधिकाराने बोलू शकतो, कारण ॲप लिहिणं हाच माझा धंदा. आमच्या टीममध्ये टेस्टिंगच्या ड्रॉवरमध्ये सगळ्यात जास्त फोन असतात ते पंधरा हजारांच्या आसपासचे. कारण आपले बहुतेक ग्राहक तेच वापरतात. त्या फोनवर स्क्रीन अडकली की बग माझ्या नावावर. म्हणजे यूपीआय, बँक, रिक्षा, जेवण, जे काही तुम्ही दिवसभर वापरता ते पंधरा हजारांच्या फोनवर चालावं म्हणून आम्ही रात्री जागतो, आणि मग तेच ॲप चालवायला लोक सव्वा लाखाचा चिप घेतात. वर्षापूर्वीपर्यंत मी म्हटलं असतं की निदान स्क्रीन तरी प्रो चीच घ्या, कारण साधा सोळा साठ हर्ट्झवर होता आणि पस्तीस हजारांचे ॲन्ड्रॉइड एकशेवीसवर. ८० हजारांना साठ हर्ट्झ ही शुद्ध थट्टा होती. सतरामध्ये ते एकशेवीस झालं, आणि सुरुवातीचं स्टोरेज २५६ जीबी. म्हणजे प्रो घेण्याचं जे एक रोज दिसणारं कारण होतं तेही संपलं.

राहता राहिला व्हिडिओ. इथे मात्र प्रो ची बाजू खरी आहे. माझा एक मित्र लग्नाची शूटिंग करतो, त्याच्यासारख्याला शंभर जीबी फुटेज फोनमधून काढायचं तर साध्या सतराचं यूएसबी जुन्या ४८० मेगाबिटचं, कागदावरच्या वेगानेसुद्धा जवळजवळ अर्धा तास. प्रो चं दहा गिगाबिटचं, कागदावर दीड मिनिट. सीझनमध्ये दिवसाला दोन कार्यं असतात तेव्हा हा अर्धा तास म्हणजे पैसा. त्याने प्रो घ्यावा, बावन्न काय, साठ हजार जास्त देऊन घ्यावा. भाचा सिंहगडावर रील करतो.

आयफोनच हवा असं नसेल तर वनप्लस तेरा होता, जानेवारी २०२५ चा, ६९,९९९ ला. सहा हजारांची बॅटरी (एमएएच हो, रुपये नव्हेत), चार्जर डब्यात, चार वर्षं नवीन ॲन्ड्रॉइड आणि सहा वर्षं सिक्युरिटी अपडेट. पिक्सेल दहा ७९,९९९ ला, सात वर्षं अपडेट. आयफोनबद्दल आजवरचा अनुभव असा की २०१८ चा एक्सएस २०२४ च्या आयओएस अठरापर्यंत चालला, आणि २०२५ मध्ये गळला. तेव्हा 'आयफोन टिकतो' हे खरं, पण आता ते एकट्या आयफोनचं भांडवल राहिलेलं नाही. आणि टिकण्यात साधा आणि प्रो यांत काहीच फरक नाही, दोघांचे अपडेट आजवर बहुतेक एकाच दिवशी बंद होत आलेत.

आता ते नो कॉस्ट प्रकरण. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या शून्य टक्के व्याजाच्या योजना बंद करायला लावल्या. तेव्हापासून क्रेडिट कार्डावर होतं असं की व्याज बँक घेतेच, पण तेवढीच सूट आधी किमतीत दिली जाते. सोळा टक्के व्याज धरलं तर चोवीस महिन्यांत साधारण वीस हजार व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, साडेतीन हजारांच्या वर, तो तुमच्या डोक्यावर. प्रोसेसिंग फी वेगळी. 'नो कॉस्ट'ची ही कॉस्ट. पण मला त्याहून लागलं ते दुसरंच. वीस हजारांची सूट द्यायची कोणाची तरी तयारी आहे, फक्त तुम्ही कर्ज काढलंत तरच. आणि वरच्या हिशेबात जास्तीचे किती निघाले होते? वीस हजार. दोन आकडे जुळले म्हणून संबंध असलाच पाहिजे असं नाही, पण शनिवारी दुपारी माणसाला शंका येतेच.

रविवारी भाचा घरी आला. सगळे आकडे त्याला दाखवले. तो शांतपणे ऐकत होता, मध्ये एकदा म्हणाला, "मामा, टीममध्ये चौघांकडे प्रो आहे. मीटिंगमध्ये सगळे टेबलावर फोन ठेवतात." यावर माझ्याकडे स्क्रिप्ट नव्हती. मीही टेबलावर ठेवतोच की. उलटा ठेवतो, म्हणजे कॅमेरे वर.

त्याला म्हटलं, मी नको म्हणणार नाही, तुझा पगार आहे. पण प्रो ला माझी सही नाही. सतरा घे, नाहीतर वनप्लस घे, सहा महिन्यांच्या वर हप्ता नको, आणि उरलेल्यातून दाजींना एक धड फोन घेऊन दे, त्यांच्या फोनची काच फुटून वर्ष झालं. व्यापाऱ्याने पाठवलेले डिझाइनचे फोटो ते त्या फुटक्या काचेतून बघतात.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग टेबलावरचा माझा फोन उचलला, उलटसुलट करून पाहिला, सेटिंगमध्ये जाऊन बॅटरी किती उरलीय ते बघितलं.

"एकोणनव्वद टक्के," म्हणाला. "मामा, तुम्ही ती तिसरी लेन्स वापरतच नाही म्हणता... मग हा किती ला देता?"