खेळ हा वृद्धांचाही हक्क

आठ तास काम, आठ तास करमणूक आणि आठ तास विश्रांती, अशी घोषणा रॉबर्ट ओवेन यांनी १८१७ साली दिली. कामगार चळवळीने ती उचलली. पण करमणुकीचे तास कष्टकऱ्याच्या वाट्याला आलेच तर साठीनंतर येतात. आणि नेमका तेव्हाच समाज विचारतो, ‘या वयात खेळ शोभतो का?’

चाळीच्या गॅलरीत कॅरमभोवती जमलेली निवृत्त मंडळी पाहावीत. त्यांना कोणी बोलावलेले नसते, कोणी गुण देणार नसते. राणी कोणाची, यावरून ती मुलांसारखी भांडतात. जन्मभर भोंग्यावर उठलेल्या माणसाचे हे बहुधा पहिलेच स्वराज्य! राष्ट्रीय उत्पन्नात त्याची किंमत शून्य. अर्थशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या मला हा हिशेबच अपुरा वाटतो.

मात्र त्या घोळक्यात स्त्रिया दिसत नाहीत. मंगळागौरीला रात्र जागवून फुगड्या घालणारी मुलगी आजी होते, तेव्हा तिचा खेळ स्वयंपाकात आणि नातवंडे सांभाळण्यात विरून गेलेला असतो. तिला निवृत्तीच नाही. आणि पोटासाठी सत्तरीतही रात्रपाळीचा पहारा करणाऱ्याने खेळावे कधी? कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ साली किमान रक्कम ठरली, तीही दरमहा १००० रुपये.

तेव्हा शासनाने वृद्धांसाठी करमणुकीचे कार्यक्रम आखू नयेत. जगण्यापुरते निवृत्तिवेतन आणि वस्तीत सावलीची जागा द्यावी. कोणता खेळ खेळायचा, हे त्यांचे ते ठरवतील.