तिसऱ्या वर्षाचा थांबा

जुलै महिना म्हणजे आमच्याकडे फोनचा महिना. कुणाचा प्रवेश झाला, कुणाचा हुकला, कुणाला कुठं मिळाला. यंदा भावजयीचा फोन आला तो रडवेल्या आवाजात.

"ताई, तुम्हीच समजवा हिला. सरकारी मेडिकल हुकलं ते हुकलं, आता म्हणते पुण्याला जाऊन पाच वर्षं विज्ञान शिकणार. पुढं फिजिऑलॉजीच करायचंय म्हणे. म्हणजे ते व्यायाम आणि शेकाचं का?"

"ते फिजिओथेरपी गं. हे वेगळं."

"मग पाच वर्षांनी डॉक्टर होईल?"

"दवाखाना टाकता येईल अशी डॉक्टर नाही व्हायची."

"मग कशाला?"

मैत्रिणींनो, हा 'मग कशाला' आपल्या घराघरांत विचारला जातो. प्रश्न चुकीचा नाही. पोटाला चिमटा काढून शिकवणाऱ्या आईबापांना तो विचारायचा हक्कच आहे. म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

फिजिऑलॉजी म्हणजे शरीरक्रियाशास्त्र. स्वयंपाकघरात कोणतं भांडं कुठं ठेवलंय ते सांगणारं शरीररचनाशास्त्र. आणि चुलीवर काय शिजतंय, कसं शिजतंय, उतू का जातंय, ते सांगणारं शरीरक्रियाशास्त्र. आपली दोन मूत्रपिंडं दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळपास सगळा परत रक्तात घेतात. लघवीवाटे जातो तो जेमतेम दीड-दोन लिटर. हे कसं होतं, कुणाच्या हुकमानं होतं, हे शोधणारी माणसं लागतातच. ती सगळी दवाखान्यात बसलेली नसतात.

आणि या शोधांचा आपल्याला काय उपयोग, असं वाटत असेल तर घरातली मीठ-साखरेची डबी आठवा. १९६० साली रॉबर्ट क्रेन नावाच्या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की आतडं साखर आत घेतं ते मिठातल्या सोडियमच्या जोडीनं. दोघं एकत्र असली की पाठोपाठ पाणीही आत जातं. हे प्रयोगशाळेतलं काम. पुढं १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलऱ्यानं थैमान घातलं. बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांच्याकडच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा त्यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हातानं रुग्णांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होतं, ते चारच्याही खाली आलं. आज जुलाब झालेल्या लेकराला आपण एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून देतो, त्यामागं ही सगळी पुण्याई आहे. शरीराचं काम कसं चालतं हे कुणीतरी चिकाटीनं शोधलं, म्हणून लाखो लेकरं वाचली. भावजयीला मी हेच सांगितलं. ती गप्प झाली, पण पटलं असं म्हणाली नाही.

आता शिक्षणाचं. आपल्याकडं बीएस्सीला फिजिऑलॉजी हा स्वतंत्र विषय फारसा मिळत नाही. प्राणिशास्त्राच्या पोटात तो शिकवतात. बंगालमध्ये मात्र कितीतरी कॉलेजांत तो ऑनर्सचा विषय आहे. भाचीनं निवडलेला रस्ता पुण्याच्या आयसरचा. ही संस्था २००६ साली सुरू झाली. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण एकाच प्रवेशात, सलग पाच वर्षं. आधी सगळ्या विज्ञानांचा पाया, मग आपली शाखा, आणि शेवटचं वर्ष मुख्यतः संशोधन प्रकल्पासाठी. तिथं पदवीवर फिजिऑलॉजीचं नाव येत नाही. जीवशास्त्र घेऊन त्यातून या विषयाकडं वळायचं, प्रकल्प त्यातला निवडायचा. अशा सात आयसर देशात आहेत. भुवनेश्वरला नायसर आणि मुंबईत सीईबीएस इथंही पाच वर्षांचा जोडअभ्यासक्रम आहे, त्यांची प्रवेश परीक्षा वेगळी.

पण मला खरं बोलायचंय ते याच 'सलग' शब्दाबद्दल.

१९९४ साली मी बीएस्सी झाले, प्राणिशास्त्र घेऊन. पहिला वर्ग मिळाला. वडिलांनी पेढे वाटले. कोल्हापूरला विद्यापीठात एमएस्सी करायची म्हणून मी फॉर्म आणून ठेवला होता. पेढे घ्यायला आलेल्या मावशींनी स्थळ आणलं. "झालं की आता शिक्षण, ग्रॅज्युएट झाली पोर." कुणी मला अडवलं नाही, कुणी रागावलं नाही. नुसतं सगळ्यांना वाटलं, की हा थांबा आला, आता उतरायचं. मीही उतरले. फॉर्म ट्रंकेत राहिला. संसार चांगला झाला, तक्रार नाही. पण माझ्या वर्गातल्या आम्ही नऊ मुलींपैकी एमएस्सीला एकच गेली, आणि मुलगे मात्र बरेच गेले, हे मला पुढं कितीतरी वर्षांनी मोजावंसं वाटलं.

पदवी आणि एमएस्सी वेगवेगळी असली की तीन वर्षांनी पुन्हा फॉर्म, पुन्हा परीक्षा, पुन्हा फी, पुन्हा होस्टेल. आणि मुलींसाठी आणखी एक गोष्ट पुन्हा: घरची परवानगी. मुलाला ती मागावी लागत नाही, मुलीला दर थांब्यावर मागावी लागते. सलग अभ्यासक्रमात ती एकदाच मागायची. मध्ये पेढे वाटायचा मुक्काम नाही, त्यामुळं 'झालं की आता' म्हणायला कुणाला जागा नाही. मुलीसाठी या जोडपदवीचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि तो कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

२०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानं उलट जास्त थांबे दिले आहेत. एका वर्षानं प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. मिळवलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत जमा राहतात, म्हणजे परत येऊन शिक्षण पुरं करता येतं. अडीअडचणीत शिक्षण सुटलेल्या सुनेला ही मोठीच सोय आहे. पण थांबा सोयीसाठी आहे, उतरवून द्यायला नाही, एवढं भान घरानं ठेवायला हवं. मुलगी स्वतः उतरली तर गोष्ट वेगळी.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर फसवल्यासारखं होईल. हा रस्ता लगेच कमाईचा नाही. संशोधनात जायचं तर पाच वर्षांनंतर पीएचडी आलीच, ती आणखी पाच-सहा वर्षं खाते. मेडिकल कॉलेजात शिकवायचं असेल तर एमबीबीएस नसलेल्यांसाठीचे नियम वरचेवर बदलले आहेत, ते आधी नीट विचारून घ्या. आयसरच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्राबरोबर गणितही असतं. ज्या मुलींनी दहावीनंतर गणिताला रामराम ठोकला, त्यांना ते जड जातं. आणि मेडिकल हुकलं म्हणून रडत इथं आलेली मुलगी टिकत नाही. विषयाची ओढ हवी.

भाचीला ती आहे. अकरावीत बेडकाच्या हृदयाबद्दल वाचून तिनं मला विचारलं होतं, "आत्या, बाहेर काढलं तरी ते थोडा वेळ धडधडत राहतं, मग त्याला सांगतं कोण?" मला उत्तर आलं नाही. कधीकाळी येत होतं.

भावजयीचा शेवटचा प्रश्न राहिला होता. "ताई, बाहेर पडेल तेव्हा तेवीस वर्षांची असेल."

"घरी बसली तरी तेवीस वर्षांची होणारच आहे की."

ती हसली. मग म्हणाली, "ह्यांच्याशी तुम्हीच बोला."

बोलले. भावानं फार ओढून धरलं नाही. त्याला वाटत होतं बायकोचा विरोध आहे, बायकोला वाटत होतं नवऱ्याचा. कितीतरी घरांत असंच असतं.

तुमच्या घरात, शेजारात तिसऱ्या वर्षाला एखादी मुलगी असेल तर निकालाची वाट पाहू नका. आजच विचारा, "पुढं काय घेणार?" 'घेणार का' असं नाही, 'काय घेणार' असं. पेढ्यांच्या आधी फॉर्म आणा.

ऑगस्टमध्ये भाची गेली. महिनाभरानं भावजयीचा पुन्हा फोन. मला धस्स झालं.

"ताई, पोरीला गणित जड जातंय म्हणते. पुण्यात कुणी समजावून सांगणारं आहे का तुमच्या ओळखीचं?"