शाळेची वाट

“सर, हा रस्ता एकदां रुंद झाला म्हणजे सारी अडचण दूर होईल,” असें पालकमंडळींकडून मी वारंवार ऐकतों. शाळा सुटतांना फाटकापुढें मोटारसायकली, रिक्षा व मोटारी यांची जी दाटी होते ती पाहून तसें वाटणें स्वाभाविक आहे. मला मात्र तें पटत नाहीं. आणि कां पटत नाहीं हें सांगण्यापूर्वीं स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे.

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मला निघण्यास उशीर झाला. मसोलीच्या रस्त्यानें मी स्कूटर भरधांव हांकीत होतों. पुढें एक मुलगा सायकलवरून चालला होता. मीं भोंगा वाजवितांच तो दचकून कडेला गेला आणि सायकलीसह चिखलांत पडला. मी थांबलों नाहीं. थोड्या वेळानें तोच मुलगा माखलेल्या गणवेशानें माझ्या वर्गाच्या दाराशीं येऊन उभा राहिला, आणि उशीर झाल्याबद्दल मीं त्याला शिक्षा केली! त्यानें कारण सांगितलें नाहीं. मींहि विचारलें नाहीं, कारण तें मला ठाऊक होतें.

रस्ता दुप्पट रुंद असता तर मी अधिकच वेगानें गेलों असतों, एवढेंच. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचें अंतर सुमारें चौपट होतें, हें आपण वर्गांत शिकतों आणि रस्त्यावर विसरतों. आपल्या तालुक्यांतून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग काय थोडा रुंद आहे? ४ सप्टेंबर २०२२ रोजीं त्याच मार्गावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, उद्योगपति सायरस मिस्त्री अपघातांत मृत्यु पावले, आणि मागील आसनावरच्या पट्ट्याविषयीं देशभर चर्चा झाली. ती व्हावयास हवीच होती. परंतु त्या एका वर्षांत भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मरण पावलीं, व त्यांपैकीं ३२,८२५ जण पायीं चालणारे होते. डोक्यावर मोळी घेऊन महामार्ग ओलांडणाऱ्या बाईला कोणता पट्टा वांचविणार?

तेव्हां नगरपरिषदेकडे मागावयाचें तें रुंदीकरण नव्हे. कडेनें सलग पदपथ, शाळेजवळ गतिरोधक आणि पाड्यांवरून वेळेवर येणारी एस. टी. मागावी. एका बसमध्यें चाळीस मुलें सहज बसतात. त्यांच्यासाठीं चाळीस मोटारसायकली फाटकाशीं याव्यात काय? पुण्यांत ११ डिसेंबर २०२१ रोजीं लक्ष्मी रस्त्याचा कांहीं भाग वाहनांस बंद करून पादचाऱ्यांस मोकळा केला होता. तसल्या भर बाजारपेठेंत जें एक दिवस साधलें, तें आपल्या फाटकापुढें सकाळ-सायंकाळ अर्धा अर्धा तास कां साधूं नये? वाहनें दूर उभीं करून शेवटची वाट मुलांस चालूं द्यावी. आणि मिशी फुटण्यापूर्वींच चिरंजीवांच्या हातीं मोटारसायकल देणाऱ्या वडिलांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कीं २०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयी मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कारावास होऊं शकतो.

त्या मुलाची मीं पुढें क्षमा मागितली. तो अजूनहि सायकलनेंच शाळेंत येतो. मागून स्कूटरचा आवाज आला कीं, भोंगा वाजण्यापूर्वींच तो कडेच्या चिखलांत उतरून उभा राहतो.