कोड नाही, म्हणजे दोष नाही?

पौषात गंगाखेड रस्त्यानं जायचं म्हणजे उसाच्या ट्रॉल्यांशी गाठ. पुढं एकामागं एक दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागचा लाल दिवा असला तर नशीब. समोर मोकळं बघून मी गाडी बाहेर काढली, पाय दाबला, आणि गाडीनं काही मनावरच घेतलं नाही. इंजिन घुमलं, वेग मात्र येईना. समोरून एसटी. ब्रेक मारून परत ट्रॉलीच्या मागं आलो तेव्हा घशाला कोरड पडली होती.

मानवतला माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. गाडी २०२१ची, पेट्रोलवरची. लेकीकडं पुण्याला वीस दिवस राहून आलो, तेवढे दिवस गाडी दुकानामागच्या पत्र्याच्या शेडात उभी होती. आलो तेव्हापासून पिकअप गेलेला.

गावात निदान लगेच झालं: इथेनॉल. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल घालायचं लक्ष्य आधी २०३० सालचं होतं, ते सरकारनं अलीकडं ओढलं, तेव्हापासून गाडीला शिंक आली तरी दोष त्याचाच. लिटरमागं इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश, त्यामुळं ॲव्हरेज थोडं घटतं, ही तक्रार खोटी नाही. पण तेच पेट्रोल भरून मी वीस दिवसांपूर्वी हाच रस्ता आरामात कापला होता. इंधन बदललेलं नसताना गाडी एकाएकी का ढेपाळावी? (इथेनॉलला सगळ्यात मोठ्यानं शिव्या देणारे आमचे शेजारी दरसाल कारखान्याला ऊस घालतात, तो भाग वेगळा.)

मग गाडी सर्व्हिस सेंटरला. तिथं कॉम्प्युटरनं नोंदवलेले दोषांचे कोड वाचायला स्कॅनर लावला. ‘कोड काही नाही, काका.’ तरी थ्रॉटल बॉडी साफ केली, प्लग बदलले, सॉफ्टवेअर नवं टाकलं. बिल ८,६०० रुपये. सोबत तपासणीचा छापील कागद, त्यात ‘एअर फिल्टर’पुढं बरोबरची खूण. गाडी होती तशीच. दुसऱ्या खेपेला सांगितलं, थ्रॉटल बॉडीच बदलू, १९ हजार. मी विचारलं, ती बिघडलीय कशावरून? उत्तर आलं, ‘बदलून बघू ना.’

बदलून बघायला ती माझ्या दुकानातली वांग्याच्या बियाण्याची पुडी नव्हे.

माझी पहिली गाडी कार्बोरेटरची मारुती ८००. तिच्यात पायापासून इंजिनापर्यंत सरळ तार होती. तार ढिली झाली तर पान्यानं ताणायची, झालं काम. आताच्या गाडीत पायाखाली फक्त सेन्सर असतात. पाय किती दाबला ते कॉम्प्युटरला कळतं, मग थ्रॉटल बॉडीतली हवेची झडप किती उघडायची ते तो ठरवतो. म्हणजे आपण आता अर्ज करतो, मंजुरी तिकडून येते. हा अर्ज नेमका कुठं अडकला, ते आकडे बघितल्याशिवाय कळत नाही.

ते आकडे मला परभणीत, जिंतूर रोडवरच्या एका छोट्या गॅरेजात दिसले. मिस्त्रीपोरगं पंचविशीचं असेल. त्यानं स्टिअरिंगखालच्या सॉकेटात काडेपेटीएवढा स्कॅनर खोचला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. इंजिन बंद, नुसती चावी फिरवलेली. पाय दाबला तसा पेडलचा आकडा सरसर चढला. मग झडपेपलीकडं इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाचा आकडा दाखवला: ९६ किलोपास्कल. ‘ही बाहेरची हवा, काका. समुद्राकाठी १०१ असती, आपन जरा उंचावर हाव.’ मग रस्त्यावर आलो. तिसरा गिअर, पाय पूर्ण दाबलेला. झडप सताड उघडी, म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळपास जायला पाहिजे. तो ७४वर अडकला.

‘झडप तर उघडायलीय. मंग हवा तिच्या आधीच कुठंतरी तुंबलीय.’

परत येऊन त्यानं एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा उघडल्या. आत उंदराचं घरटं. कापूस, पोत्याचे धागे, सोयाबीनची टरफलं, आणि माझ्याच दुकानातल्या ज्वारीच्या बियाण्याच्या पिशवीचा कुरतडलेला तुकडा. फिल्टरच्या घड्या धूळ आणि रुईनं गच्च. मी विचारलं, मग कोड कसा आला नाही? पोरगं हसलं. ‘जेवढी हवा आली तेवढंच पेट्रोल सोडायलंय ते. त्याचा हिशेब बरोबरच हाय. त्याला काय म्हाईत, तुमाला जास्त पाहिजे व्हतं.’ नवा फिल्टर आणि मजुरी मिळून ६५० रुपये.

आता माझं म्हणणं. कोड हा कॉम्प्युटरला पटलेला दोष असतो, गाडीतला प्रत्येक दोष नसतो. स्कॅनरमध्ये कोडाच्या यादीशेजारीच हे चालू आकडे असतात. ते वाचायला दहा मिनिटं आणि थोडं डोकं लागतं. पार्ट बदलायला डोकं लागत नाही, आणि बिल मोठं होतं. म्हणून ५,००० रुपयांच्या वरचा कुठलाही पार्ट बदलायच्या आधी ‘हा आकडा एवढा हवा, एवढा येतोय’ हे गिऱ्हाइकाला लेखी मिळालं पाहिजे. डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट हातात देतो, तसं.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्या आणि शेतीची यंत्रंही आहेत. हेतू चांगला. पण त्या जिंतूर रोडवरच्या पोराला कुठल्या मॉडेलचा कुठला आकडा किती असावा, हे आजही व्हिडिओ बघून आणि स्वतःच्या वहीत टिपून ठेवावं लागतं. मी ती वही पाहिली. पाठीमागं ऑइलचे डाग, आत तीसेक गाड्यांचे आकडे. अशा गॅरेजांना कंपन्यांनी माहिती दिली, आयटीआयच्या पोरांना नट-बोल्टाइतकेच हे आकडे शिकवले, तर सेलू-पाथरीच्या माणसाला दर दुखण्याला जिल्ह्याला किंवा संभाजीनगरला पळावं लागणार नाही. उद्या ट्रॅक्टरमध्येही हीच भानगड येणार आहे, किंबहुना मोठ्या ट्रॅक्टरांत आलीच आहे. ऐन पेरणीत उभा राहिलेला ट्रॅक्टर ‘कोड नाही’ म्हणून परत पाठवला तर शेतकऱ्यानं काय करायचं?

घरटं मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सर्व्हिस सेंटरला घेऊन गेलो. भांडायला नाही, तपासणीच्या कागदावरची ती खूण कोणी केली एवढंच विचारायला. काउंटरवरचा मुलगा बिचारा नवाच होता. पिशवीत डोकावून जरा मागं सरकला आणि म्हणाला, ‘काका, ती खूण कोणी करत नाही. प्रिंट काढली की आपोआप येते.’