‘बाबाबा’ आणि पत्र्याची शेड

दहावीच्या वर्गात त्रिकोणांच्या एकरूपतेच्या कसोट्या विचारल्या, की ‘बाबाबा’, ‘बाकोबा’, ‘कोबाको’ अशी उत्तरे धडाधड येतात. त्याच शाळेच्या आवारात सायकली लावायला पत्र्याची शेड असते. तिच्या छपराखालच्या लोखंडी कैचीत जिकडेतिकडे त्रिकोणच का, असे मात्र कोणी विचारत नाही. वास्तविक ती शेड ‘बाबाबा’च्याच जोरावर उभी असते. तीन पट्ट्यांच्या लांब्या ठरल्या की त्यांचा त्रिकोण एकाच आकाराचा होतो, कोन हलायला जागाच उरत नाही. चार पट्ट्या टोकांना बोल्टने जोडल्या तर बाजू तेवढ्याच राहूनही चौकट कलते. म्हणून लोखंडी फाटक बनवणारा वेल्डर चौकटीत एक तिरकी पट्टी मारतो आणि चौकोनाचे दोन त्रिकोण करून टाकतो. विजेचे मनोरे आणि रेल्वेचे लोखंडी पूल यांचेही गणित तेच.

रोजच्या वस्तूंमधून भूमिती शिकवावी, याबद्दल आता कोणाचे दुमत नाही. पण ती शिकवली जाते कशी? चपाती म्हणजे वर्तुळ, वही म्हणजे आयत, वाढदिवसाची टोपी म्हणजे शंकू. पहिली-दुसरीच्या मुलासाठी एवढे पुरेसे आहे. मात्र ते नामकरण झाले, भूमिती नव्हे. वही आयताकृती आहे हे सांगून झाल्यावर ती तशीच का, हा प्रश्न येतो आणि भूमिती तिथे सुरू होते. आपल्याकडे तो प्रश्न येण्याआधीच पक्ष, साध्य, सिद्धता यांची रांग लागते. मग चपातीचे वर्तुळ एकीकडे राहते आणि जीवा, स्पर्शिका दुसरीकडे.

घराची आखणी पाहण्यासारखी असते. फक्कीने रेषा मारण्याआधी गवंडी एका दोरीवर कोपऱ्यापासून ३ फुटांवर खूण करतो, दुसरीवर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट भरेपर्यंत दुसरी दोरी सरकवतो. भरले, की कोपरा काटकोनात आला. याला सगळे पायथागोरसचे प्रमेय म्हणतात, पण बारकाईने पाहिले तर गवंडी वापरतो तो त्याचा व्यत्यास. काटकोन असेल तर कर्णाचा वर्ग इतर बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका, हे प्रमेय. बाजूंचे नाते तसे असेल तर कोन काटकोनच, हा व्यत्यास. युक्लिडने दोन्ही वेगवेगळे सिद्ध केले. प्रमेय आणि व्यत्यास यांतला फरक मुलांना पाठ करूनही समजत नाही अशी शिक्षकांची तक्रार असते. गवंड्याच्या हातातला प्रश्न समोर ठेवला तर तो एका तासात समजावा. काटकोन त्याला आयता मिळालेला नाही, तो काढायचा आहे!

याच आखणीत आणखी एक गोष्ट आहे. जाणता गवंडी मोठ्या घराला ३-४-५ फुटांवर थांबत नाही, ९-१२-१५ घेतो. कारण हिशेबाने दाखवता येते. पाच फुटांच्या कर्णात अर्धा इंच चुकला तर कोन जवळजवळ एका अंशाने बिघडतो आणि ३० फुटांच्या भिंतीच्या टोकाला सहा इंचांचा फरक पडतो. पंधरा फुटांच्या कर्णात तेवढीच चूक झाली तर तोच फरक दोन इंचांवर येतो. प्रमेय दोन्हीकडे एकच, पण माप घेणाऱ्या हाताची चूक कुठे किती वाढते हेही भूमितीच सांगते.

झेरॉक्सच्या दुकानातही असाच एक धडा पडलेला असतो. ए३ कागदावरचा मजकूर ए४ वर घ्यायचा असेल तर दुकानदार ७१ टक्के आकडा टाकतो. पन्नास का नाही? ए४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. लांबीला रुंदीने भागले तर १.४१४, म्हणजे दोनचे वर्गमूळ येते. कागद मधोमध अर्धा केला तरी हेच गुणोत्तर कायम राहते, हे फक्त या एका आकड्याने साधते. क्षेत्रफळ निम्मे झाले, तर बाजू दोनच्या वर्गमुळाने भागल्या जातात, म्हणजे सुमारे ७१ टक्के होतात. साडेआठ बाय चौदा इंचांचा लीगल कागद अर्धा करून पाहा. गुणोत्तर १.६५ वरून १.२१ वर येते आणि आकार बदलतो. दहावीच्या ‘समरूपता’ प्रकरणाला याहून स्वस्त प्रयोगसाहित्य मिळणार नाही.

तीन दगडांच्या चुलीवर भांडे डुगडुगत नाही, चार पायांचे टेबल मात्र डुगडुगते. एकरेषीय नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते, हे वाक्य मुले पाठ करतात ते याच अनुभवाचे.

तरीही वस्तू दाखवल्या की काम झाले, असे मानणारा उत्साहही नको. टेपला ९० अंश आणि ८९.९ अंश यांतला भेद सहज कळत नाही. हजार कोपऱ्यांत ३-४-५ जुळले म्हणून ते सर्वत्र खरे ठरत नाही. त्याला सिद्धताच लागते. बौधायनाच्या शुल्बसूत्रात वेदी आखण्यासाठी आयताच्या कर्णाचा नियम सांगितला आहे, युक्लिडने तो तर्काने बांधून दिला. आधी कोणी शोधले यावरून हिरिरीने भांडणाऱ्यांना या दोन कामांतला फरक क्वचितच सांगावासा वाटतो. शाळेला दोन्ही हवीत, आणि हातांचे काम आधी.

अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई, अपुऱ्या तासिका आणि भरलेले वर्ग या शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत. पण यासाठी वेगळी प्रयोगशाळा किंवा निधी लागत नाही. ‘चौकोन’ प्रकरण सुरू करण्याआधी एक तास वर्गखोली मोजायला द्यावा. आधी समोरासमोरच्या भिंती, मग दोन्ही कर्ण. कर्ण सारखे आले तर खोली आयताकृती आहे का, असे विचारावे. समद्विभुज समलंब चौकोनाचेही कर्ण समान असतात, म्हणून आधी भिंती मोजायच्या. हे मुलांनीच शोधून काढू द्यावे, फळ्यावर लिहून देऊ नये.