पोटात गोळा, पाठीवर टाकी!

थिअरीची परीक्षा झाली. पूलमधली सेशन्स झाली. घट्ट वेटसूटमध्ये स्वतःला कसंबसं कोंबूनही झालं. बोट निघाली, किनारा मागे पडला आणि नेमका आत्ताच पोटात गोळा आला. कुणी सांगितलं होतं हे? वीकेंडला मस्त झोप काढली असती, मॅटिनी टाकली असती तर काय बिघडलं असतं?

पहिल्या सर्टिफिकेशन डाइव्हच्या आधी असं वाटत असेल, तर अभिनंदन. तुम्ही एकदम नॉर्मल आहात. माणसाला पाण्याखाली श्वास घ्यायची सवय नाही. त्यामुळे तोंड पाण्यात गेलं की मेंदू ‘श्वास बंद’ अशी ऑर्डर सोडतो आणि तुम्ही त्याला सांगत असता, ‘नाही रे बाबा, चालू ठेव!’ हे भांडण पहिल्या दिवशी होणारच.

‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ (२०११) आठवतोय? पाण्याला घाबरणारा हृतिक, समोर कतरिना, खाली निळाशार समुद्र आणि वर आल्यावर डोळ्यांत पाणी. सिनेमात हे काही मिनिटांत उरकतं. प्रत्यक्षात कतरिना नसते आणि कोर्सला तीन-चार दिवस लागतात.

मालवणची डाइव्ह वेगळी, ही वेगळी

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी मालवणला किंवा गोव्याला एकदा ‘स्कूबा केलेलं’ असतं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ गाइडने टाकी धरलेली, आपण मासे बघायचे, अंगठा आणि बोट जुळवून फोटो काढायचा, संपलं. झकास अनुभव. पण त्यात जबाबदारी गाइडची असते, तुमची नाही.

सर्टिफिकेशनमध्ये ती तुमच्याकडे येते. ‘पॅडी’चा ओपन वॉटर डायव्हर कोर्स घ्या. त्यात समुद्रात चार ट्रेनिंग डाइव्ह्ज असतात. पहिल्या दोन जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत, पुढच्या दोन १८ मीटरपर्यंत. न थांबता २०० मीटर पोहून दाखवायचं (किंवा मास्क, फिन्स आणि स्नॉर्केल लावून ३०० मीटर) आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगायचं. दोन्ही पोहण्यांना घड्याळ लावलेलं नसतं. मास्कमध्ये पाणी घ्यायचं आणि काढायचं, तोंडातून रेग्युलेटर काढून परत लावायचा, बडीच्या जादाच्या रेग्युलेटरमधून श्वास घ्यायचा, हे सगळं पूलमध्ये केलेलंच पुन्हा समुद्रात करायचं.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ही एमपीएससी नाही. एखादं स्किल पहिल्यांदा जमलं नाही, तर पुन्हा करता येतं. परत नाही जमलं, तर परत. पुण्या-मुंबईत थिअरी आणि पूल करून समुद्रातल्या डाइव्ह्ज नंतर अंदमानात करायचीही सोय असते. तिला ‘रेफरल’ म्हणतात. घाई कोर्सला नसते. ती आपल्या रिटर्न तिकिटाला असते.

सगळा खेळ श्वासाचा

घाबरलं की आपण भराभर आणि वरवर श्वास घेतो. अशा श्वासात हवा जाते-येते, पण कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही. तो साठला की ‘हवा कमी पडतेय’ असं वाटतं. मग आणखी भराभर श्वास, आणखी घुसमट. गेजवर १५० बार दिसत असतात आणि तुम्हाला वाटतं, टाकी संपली!

यावर उपाय म्हणजे लांब उच्छ्वास. चार मोजेपर्यंत आत, सहा ते आठ मोजेपर्यंत बाहेर. भर बाहेर सोडण्यावर. त्याने हृदयाचे ठोके खाली येतात. बोटीवर, टाकी चढवायच्या आधी, पाचेक मिनिटं हेच करा. घरी रोज सकाळी प्राणायाम करत असाल, तर निम्मं काम झालेलंच आहे.

पण सावधान! पूरक आणि रेचक चालेल, कुंभक अजिबात नाही. डायव्हिंगचा पहिला नियमच हा की श्वास कधीही रोखून धरायचा नाही. कारण साधं आहे. समुद्रसपाटीवर हवेचा दाब १ बार, १० मीटर खाली २ बार. तिथे छाती भरून हवा घेतली आणि श्वास रोखून वर आलात, तर त्या हवेला दुप्पट जागा लागते. फुप्फुसं काही फुगा नाहीत. अगदी दीड-दोन मीटरवरूनही हे धोक्याचं ठरू शकतं. म्हणून रेग्युलेटर तोंडात नसेल, तेव्हा बारीक बुडबुडे सोडत राहायचे.

शांत श्वासाचा आणखी एक फायदा आहे. समजा ११ लिटरची टाकी, २०० बारला भरलेली. म्हणजे साधारण २,२०० लिटर हवा. ५० बार राखीव ठेवले, तर वापरायला उरले १,६५०. जमिनीवर मिनिटाला २० लिटर घेणारा माणूस १० मीटरवर ४० लिटर घेतो, म्हणजे त्याला चाळीसेक मिनिटं मिळतात. तोच माणूस घाबरून दुप्पट श्वास घेऊ लागला, तर वीस मिनिटांत वर. तेवढ्याच पैशात अर्धा समुद्र!

मास्क आणि बादली

सर्वात जास्त लोक कशाला घाबरतात? शार्कला नाही, मास्कमधल्या पाण्याला. नाकाशी पाणी लागलं की नाकाने श्वास ओढला जातो आणि ठसका लागतो. यावरची प्रॅक्टिस बाथरूममध्ये होते, तीही फुकट. शॉवरखाली चेहरा धरा आणि फक्त तोंडाने श्वास घ्या. पुढची पायरी, मोठ्या टबात मास्क न लावता चेहरा बुडवून स्नॉर्केलने श्वास. घरातलं कुणीतरी शेजारी उभं ठेवा. ते हसतील, हसू देत. चार-पाच दिवसांत नाक आणि तोंड वेगवेगळं वागायला शिकतात. मग समुद्रात मास्क भरला, तरी करायचं एवढंच असतं. वरची कड दाबून धरायची, वर बघायचं आणि नाकाने सोडायचं.

दुसरी भीती कानांची. दाबाचा सर्वात मोठा फरक पहिल्या १० मीटरमध्येच पडतो. त्यामुळे नाक धरून हळूच फुंकायचं ते दुखायला लागायच्या आधीपासून, दर अर्ध्या-एक मीटरला. दुखलं तर जोर लावायचा नाही. थोडं वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. दोर धरून, पाय खाली ठेवून उतरलं की वेग आपल्या हातात राहतो. बाकीचे पुढे गेले तर जाऊ देत, खाली काही लोकल सुटत नाहीये.

आदल्या रात्रीचं काय?

चार मित्र, गोवा किंवा हॅवलॉक (२०१८ पासून स्वराज द्वीप) आणि शुक्रवारची रात्र. पुढचं सांगायला नको. पण दारू, अपुरी झोप आणि डाइव्ह हे कॉम्बिनेशन वाईट आहे. एक रात्र आवरा, पार्टी कार्ड मिळाल्यावर करा. सकाळी रिकाम्या पोटीही जाऊ नका आणि मिसळ हाणूनही जाऊ नका. इडली, पोहे, केळं बेस्ट. भरपूर पाणी प्या. बोट लागत असेल, तर गोळीबद्दल आधीच डॉक्टरांना विचारा आणि ती एकदा जमिनीवर घेऊन बघा. काहींनी गुंगी येते. बोटीवर मोबाइलमध्ये डोकं घालण्यापेक्षा नजर क्षितिजावर ठेवा.

सामान स्वतः जोडा. दुसऱ्याने जोडून दिलं, तर वेळ वाचतो, भीती मात्र तशीच राहते. मग बडीबरोबर चेक करा. जॅकेटमध्ये हवा भरते आणि सुटते का, वजनं नीट बसली आहेत का, बकल्स कुठे आणि कशी सुटतात, टाकी पूर्ण उघडी आहे का, गेजकडे बघत रेग्युलेटरमधून दोन-चार श्वास घेतले का, आणि शेवटी मास्क-फिन्स. दोन मिनिटांचं काम. पण ‘माझ्याकडे हवा आहे’ हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं असलं की पोटातला गोळा निम्मा होतो.

खाली काही बिनसलंच, तर चार शब्द आठवा. थांबा, श्वास घ्या, विचार करा, मग हला. या क्रमानेच. बडी दिसेनासा झाला, तर एक मिनिट शोधायचं, नाही सापडला तर सावकाश वर यायचं. तोही तेच करणार असतो.

भीती आणि इशारा

आता थोडं सीरियस. सगळीच भीती पळवून लावायची नसते. नाक चोंदलंय, सर्दी आहे, दमा होता, पण फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं, कारण नाहीतर डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतील आणि पैसे भरून झालेत. अशा वेळी जे पोटात होतं, ते घाबरणं नाही. तो इशारा आहे. मेडिकल फॉर्म ऑफिसच्या फीडबॅक फॉर्मसारखा भरायचा नसतो. सर्दीवर नाकात स्प्रे मारून उतरणंही नको. खाली असताना त्याचा असर संपला, तर वर येताना कान आणि सायनस अडकतात.

धडधडतंय, पण श्वास लांब करता येतोय, इन्स्ट्रक्टर काय सांगतोय ते कळतंय, विनोदाला हसू येतंय, तर जा. हळूहळू जाईल ते. पण श्वास आवरतच नाहीये, सूचना डोक्यात शिरत नाहीयेत, ‘फक्त इथून बाहेर’ एवढंच सुचतंय, तर उतरू नका. पाण्याखाली घाबरून सुसाट वर पळणं हेच सर्वात घातक असतं. आणि हे इन्स्ट्रक्टरला आधीच सांगा, सगळ्यांसमोर नको वाटत असेल तर बाजूला घेऊन. ‘मला मास्कची भीती वाटते’ एवढं एक वाक्य पुरतं. चांगला इन्स्ट्रक्टर मग तुम्हाला स्वतःच्या शेजारी ठेवतो. तो हसला किंवा ‘चल रे, काही नाही होत’ म्हणून घाई करू लागला, तर इन्स्ट्रक्टर बदला.

डायव्हर्समध्ये एक अलिखित नियम आहे. कोणीही, कधीही, कोणत्याही कारणासाठी डाइव्ह थांबवू शकतो आणि त्याला कुणी ‘का’ विचारत नाही. ऑफिसात हे कुठे मिळतं? तिथे तब्येत बिघडली, तरी मेल पाठवून कारण द्यावं लागतं.

जाता जाता एक कामाची गोष्ट. रविवारी दुपारी शेवटची डाइव्ह आणि सोमवारी पहाटेची फ्लाइट, असं बुकिंग करू नका. अनेक डाइव्ह्ज झाल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबायचा सल्ला दिला जातो. एक रजा जास्त टाका. बॉसला काय सांगायचं ते तुम्ही बघा!

आणि हो, बोटीवरून उडी मारायच्या आधी हाताच्या खुणांची एकदा उजळणी करा. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘मस्त चाललंय’ नव्हे. त्याचा अर्थ ‘वर जाऊया’. ‘सगळं ठीक’ सांगायला अंगठा आणि बोटाचा गोल. दोन्ही खुणा सारख्याच कामाच्या आहेत. गोल केलात तर मासे दिसतील, अंगठा केलात तर उद्या दिसतील. मासे कुठे जात नाहीत.