साबणाची वडी आणि बाईचा रोज



कपाशीला भाव नाही, ज्वारी पावसात काळी पडली, अशी ओरड सुरू झाली की सल्लागारांची एक जात गावोगाव उगवते. त्यांचा सल्ला ठरलेला: शेतीला जोडधंदा करा. बायकांनी बचत गट काढावा, साबण करावा, हातमागावर पिशव्या आणि आसने विणावीत. शहरातली माणसे म्हणे हाताने केलेल्या वस्तूंवर उड्या टाकतात.

हातधंद्याला आमचा विरोध नाही. आमचा विरोध आहे तो बाईचा रोज शून्य धरून मांडलेल्या हिशेबाला.

आधी साबण पाहू. तेल आणि कॉस्टिक सोडा यांची पाण्यात गाठ पडली की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. पण प्रत्येक तेलाची सोड्याची भूक वेगळी. एक किलो खोबरेलाला सुमारे 183 ग्रॅम सोडा लागतो, आपल्या सरकीच्या तेलाला सुमारे 138 ग्रॅमच पुरतो. खोबरेलाचे माप सरकीच्या तेलाला लावले तर उरलेला सोडा गिऱ्हाइकाची कातडी सोलील. इथे वाटी-चमचा चालत नाही, वजनकाटा लागतो. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचे नाही. ॲल्युमिनियमचे पातेले वापरायचे नाही. कापलेली वडी चार ते सहा आठवडे मुरवायची, म्हणजे तेवढे दिवस भांडवल फळीवर अडकून पडणार.

दोन दिवसांच्या प्रशिक्षणात यातले काय शिकवतात? बहुतेक ठिकाणी साबणाचा तयार गोळा वितळवायचा, रंग-वास घालायचा, साच्यात ओतायचा. याने गोळा विकणाऱ्याचे दुकान चालते. आमच्या बहिणी त्याच्या बिनपगारी कामगार होतात.

आता हिशेब मांडू. भाव आपापल्या गावचे धरा, रीत हीच ठेवा. पाच किलो तेल, किलोला 200 रुपये धरले तर 1,000 रुपये. सोडा, सुवास, कागद मिळून 350. मुरल्यावर शंभर ग्रॅमच्या 65 वड्या निघाल्या. वडीला खर्च आला 21 रुपये. साहेब सांगतात, 30 ला विका, नऊ रुपये नफा! टाळ्या पडतात. पण घाणा घालायला आणि कापायला दोन बाया एक दिवस, गुंडाळायला एकीचा एक दिवस, बाजारात बसायला एकीचे दोन दिवस. झाले पाच रोज. सगळ्या वड्या खपल्या तरी हातात उरले 600 रुपये, म्हणजे रोजाला 120. एसटीचे भाडे अजून धरलेले नाही. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर 312 रुपये ठरला होता. तो धरला तर तीच वडी 45 रुपयांना पडते. मग नफा कोणाचा? बाईने स्वतःच्या खिशातून गिऱ्हाइकाला वडीमागे पंधरा रुपये दिले, एवढाच त्याचा अर्थ.

आणि परवाना? 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या व्याख्येतून साबण वगळलेला होता. 1982 च्या दुरुस्तीने तो आत आला. आता 2020 च्या नियमांप्रमाणे आंघोळीचा साबण विक्रीसाठी करायला परवाना लागतो, जागेच्या आणि जाणकार माणसाच्या अटी लागतात. घराच्या पडवीत हे बसत नाही. एक खाते साबण करा म्हणते, दुसरे खाते परवाना दाखवा म्हणते. दोघांच्या मध्ये सापडते ती बाई.

विणकामाची गत निराळी नाही. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशात 35 लाखांवर विणकर व पूरक कामगार मोजले गेले. त्यांत बायाच जास्त. सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांची कमाई महिन्याला 5,000 रुपयांच्या आत निघाली. पिढीजात माग चालवणाऱ्यांची ही दशा, तर नव्याने शिकलेल्या बहिणीने त्यावर घर कसे चालवावे? मागावर बसलेला एक माणूस दिसतो. ताणा करणारी, खळ देणारी, कांड्या भरणारी घरची बाई हिशेबात दिसत नाही. हातमागाला लडीचे सूत लागते. गिरण्यांनी देशातल्या बाजारासाठीच्या सुतापैकी किती सूत लडीत बांधावे, याचे बंधन 2003 साली 50 टक्क्यांवरून 40 वर आणले, 2019 साली 30 वर. हातमागासाठी 1985 च्या कायद्याखाली 22 वस्तू राखीव होत्या, त्या 11 उरल्या. कपाशी आमच्या शिवारातली, पण सुतासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहायचे!

हे दुखणे आजचे नाही. 1935 साली गांधीजींनी चरखा संघापुढे हाच प्रश्न ठेवला. आठ तास नीट कातणाऱ्या बाईला किमान आठ आणे मिळावेत, असे त्यांचे म्हणणे होते. खादी महागेल, गिऱ्हाईक तुटेल, ही ओरड तेव्हाही झाली. तरी त्याच वर्षी संघाने निर्वाह मजुरीचे तत्त्व मान्य केले. खुद्द खादीला जे तत्त्व मानावे लागले, ते आजच्या प्रदर्शनवाल्यांना का जड जावे?

कोणी म्हणेल, 45 ला वडी कोण घेणार? कारखान्याच्या वडीशी भावात आपण टिकणार नाही, हे खरेच. तो नाद सोडावा. चोख वजन, सांगितलेलेच तेल आणि ग्लिसरीन काढून न घेतलेला साबण ज्याला हवा, त्यालाच विकावा. एकाच दिवशी चार घाणे घातले तर मजुरी वडीमागे उतरते, पण आधी गिऱ्हाईक बांधलेले हवे. एवढे करूनही रोज निघत नसेल, तर तो धंदा करू नये. बसून राहिलेली बाई फुकट राबणाऱ्या बाईपेक्षा तोट्यात नसते.

जिल्हा बैठकीत प्रत्येक तालुक्याने यावर बोलावे. आमचे म्हणणे असे:

1. किंमत ठरवताना कागदावर पहिली ओळ मजुरीची, मग तेल-सुताची.
2. कर्ज उचलण्याआधी तीन घाणे किंवा दहा पिशव्या करून विकून पाहाव्यात. रोज निघाला तरच पुढे जावे.
3. 'विकले तर पैसे' या बोलीवर माल देऊ नये. मागणीबरोबर निम्मी रक्कम घ्यावी.
4. चार-पाच गावांच्या गटांनी मिळून एक जागा, एक परवाना, एक जाणकार ठेवावा. तेल आणि सूत एकत्र घ्यावे.
5. हिशेबाची वही बाईच्या हातात, पैसा बाईच्या खात्यावर.

ज्या धंद्यात राबणारीचा रोज निघत नाही तो जोडधंदा नव्हे, ती जोडवेठ आहे. शेतातली एक वेठ आम्हाला पुरे झाली.